गाडी विकली, होडी आली

दक्षिण इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावचे मच्छीमार आपल्या होड्या धक्क्याला बांधत नाहीत. गोल गोट्यांच्या किनाऱ्यावर त्या वर ओढून ठेवायच्या आणि वेळ झाली की पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही इथली पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. गावची जीवरक्षक नौकाही अशीच किनाऱ्यावरून निघते. समुद्रातून मदतीची हाक आली की स्वयंसेवकांचे पेजर वाजतात आणि हातातलं काम टाकून, भरल्या ताटावरून उठून माणसं धावत सुटतात. पट्ट्यांवर चालणारा अवजड ट्रॅक्टर अठरा टनांची नौका खडखडत गोट्यांवरून खाली नेतो आणि थेट लाटांमध्ये सोडतो. साडेतेरा मीटरहून थोडी अधिक लांब असलेल्या या नौकेला पंखा नाही. तिची यंत्रं समुद्राचं पाणी आत ओढतात, मागच्या दोन नळ्यांतून जोरानं बाहेर फेकतात आणि त्या झोतावर ती २५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर वेगानं पळते. लाटेनं पालथी घातली तरी ती आपणहून सुलटी होते.

तिच्या अंगावर नाव रंगवलं आहे, ‘रिचर्ड अँड कॅरोलाइन कोल्टन’. कोल्टन नवरा-बायकोचं नाव समुद्रावर पोहोचलं ते दोन फेरारी गाड्यांमुळे.

नॉर्थॅम्प्टनशायरच्या रिचर्ड कोल्टन यांना जुन्या गाड्यांचा नाद होता. १९६० सालची फेरारी २५० जीटी एसडब्ल्यूबी आणि १९६७ सालची फेरारी २७५ जीटीबी/४ या दोन गाड्या त्यांनी अनेक वर्षं सांभाळल्या होत्या. पहिल्या मॉडेलच्या जगभरात जेमतेम दीडशेच्या वर गाड्या बनल्या. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मुद्दाम कमी ठेवलेली ही गाडी वळणावर चपळ होती. शर्यतीत पळवावी आणि तिच्यातूनच घरी यावं, अशी. दुसरी फेरारीची चार कॅमशाफ्टची पहिली रस्त्यावरची गाडी. २०१५ साली कोल्टन गेले. मृत्युपत्रात त्यांनी दोन्ही गाड्या आरएनएलआय या संस्थेच्या नावे लिहून ठेवल्या होत्या. १८२४ साली स्थापन झालेली ही संस्था ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांना वाचवते. तिचे बहुतेक नाविक बिनपगारी आहेत आणि लोकांनी मृत्युपत्रातून ठेवलेल्या देणग्या हा तिच्या खर्चाचा मोठा आधार आहे.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डक्सफर्डच्या युद्धसंग्रहालयात, जुन्या विमानांच्या सोबतीनं, दोन्ही गाड्यांचा लिलाव झाला. पहिली ६६ लाख पौंडांना गेली, दुसरी १९ लाख ३० हजारांना. दोन्ही मिळून ८५ लाख पौंडांच्या वर. हेस्टिंग्जला आली त्या ‘शॅनन’ वर्गाच्या एका नौकेला तेव्हा साधारण २२ लाख पौंड लागत.

कोल्टन यांनी गाड्या हयातीत विकून पैसेच का दिले नाहीत, असं कुणालाही वाटेल. याचं एक उत्तर करात असू शकतं.  ब्रिटनमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडच्या वारशावर ४० टक्के कर लागतो. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला ठेवलेल्या भागावर मात्र तो लागत नाही. दुसरं उत्तर कुठल्याही संग्राहकाला विचारावं. सकाळी गॅरेजचं दार उघडून ज्या गाडीवर हात फिरवायचा, ती जिवंतपणी विकवत नाही. मृत्युपत्रामुळे दोन्ही साधतं. आयुष्यभर गाडी आपली राहते आणि नंतर ती पूर्ण किमतीनं दुसऱ्याच्या कामी येते.

तीनशे नव्याण्णव अधिक एक

कोल्टन यांच्या गाड्या काळानं दुर्मीळ केल्या. आजच्या सुपरकार जन्मतःच दुर्मीळ असतात, कारण किती बनवायच्या हे कंपनी आधीच जाहीर करते. गिऱ्हाईक हजार असले तरी गाड्या चारशेच. हा आकडा म्हणजे कंपनीनं संग्राहकांना दिलेला शब्द असतो. तो मोडला तर पुढच्या वेळी रांगेत कुणी उभं राहणार नाही. म्हणूनच ठरल्यापेक्षा एक गाडी जास्त बनवायची असेल तर तिला सर्वांना पटेल असं कारण लागतं.

२००५ साली फेरारीला असं कारण मिळालं. संस्थापकाचं नाव दिलेल्या ‘एन्झो’ या गाडीच्या ३९९ प्रती कंपनीनं ठरवल्या होत्या. चारशेवी बनली ती पोप जॉन पॉल दुसरे यांना भेट देण्यासाठी. त्याच्या थोडंच आधी, २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली होती. इंडोनेशियापासून श्रीलंकेपर्यंत दोन लाखांहून अधिक माणसं गेली. भारतात तमिळनाडूच्या नागपट्टिणम जिल्ह्यातले कोळीवाडे उद्ध्वस्त झाले. भेट आलेल्या गाडीचा लिलाव करून पैसे या आपत्तीतल्या लोकांना द्यायचं ठरलं. एप्रिलमध्ये पोप वारले. जूनमध्ये फेरारीच्या गावी, मारानेल्लोला, लिलाव झाला आणि गाडी साडेनऊ लाख युरोंना गेली. ही रक्कम फेरारीचे प्रमुख लुका दि मॉन्तेझेमोलो यांनी नवे पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्याकडे सुपूर्द केली.

या गाडीची गोष्ट तिथं संपली नाही. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१५मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात हीच एन्झो पुन्हा विकायला आली. या वेळी तिला ६० लाख ५० हजार डॉलर मिळाले. पोपसाठी बनलेली, चारशेवी आणि शेवटची, हा तिचा इतिहासच आता किमतीत मोजला जात होता. तो इतिहास घडला दानामुळे, पण वाढलेली सगळी किंमत मालकाकडे गेली.

म्हणून गाडी दहा वर्षं दाबून ठेवायला हवी होती का? किनाऱ्यावर होडीची फळकुटं वेचणाऱ्या कुटुंबाला २०१५च्या भावाचा काय उपयोग? आपत्तीतल्या मदतीला मुहूर्त पाहता येत नाही. प्रश्न दुसरा आहे. युरोपात चित्रकाराचं चित्र पुन्हा विकलं गेलं की कायद्यानं त्याला किंवा त्याच्या वारसांना छोटासा हिस्सा मिळतो. दान म्हणून विकलेल्या गाडीच्या पुढच्या विक्रीत संस्थेचा असाच हिस्सा ठेवायचा असेल, तर तो पहिल्या करारातच लिहून घ्यावा लागेल. ज्या इतिहासामुळे गाडीचा भाव वाढतो, त्यात ज्यांच्यासाठी दान झालं त्यांचाही वाटा असतो.

फेरारीनं ‘एक जास्त’ची ही वाट नंतरही सोडली नाही. २४ ऑगस्ट २०१६ला मध्य इटलीत भूकंप झाला, आमात्रिचे हे डोंगरातलं गाव ढिगाऱ्यात गेलं आणि तीनशेच्या आसपास माणसं दगावली. ‘ला फेरारी’ या गाडीच्या ४९९ प्रती तेव्हा बनून संपल्या होत्या. भूकंपग्रस्तांसाठी पाचशेवी बनवली, नाकावर इटलीचा तिरंगा रंगवला आणि ३ डिसेंबरला अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीच्या मैदानात ती ७० लाख डॉलरना विकली. पुढच्या वर्षी कंपनीच्या सत्तरीनिमित्त याच गाडीच्या छत उघडणाऱ्या अवताराची, ‘अपेर्ता’ची, शेवटची प्रत ८३ लाख युरोंना गेली. ते पैसे सेव्ह द चिल्ड्रनला मिळाले.

ऑगस्ट २०२५मध्ये मॉन्टेरेला ‘डेटोना एसपी३’ उभी राहिली. तिच्याजवळ गेल्यावर आधी दिसतो तो रंग. अर्धं अंग कार्बन फायबरचं उघडं काळं, अर्धं मोदेनाचं पिवळं आणि वरून आडवं पसरलेलं ‘फेरारी’ हे भलंथोरलं नाव. आतल्या पट्टीवर कोरलं होतं, ‘५९९+१’. साडेसहा लिटरचं, बारा सिलिंडरचं, ८४० अश्वशक्तीचं इंजिन मात्र इतर ५९९ बहिणींसारखंच. त्या बहिणी साधारण वीस-वीस लाख युरोंना गेल्या होत्या. हिच्यावर बोली थांबली २ कोटी ६० लाख डॉलरवर, आपल्या हिशेबात सव्वादोनशे कोटी रुपयांच्या आसपास. लिलावात विकल्या गेलेल्या नव्या गाडीसाठी तो विक्रम ठरला. सगळी रक्कम फेरारी फाउंडेशनच्या शैक्षणिक कामासाठी होती. वणव्यात होरपळलेल्या अल्टाडीना या कॅलिफोर्नियातल्या वस्तीतली शाळा पुन्हा उभी करणं हेही त्यातलंच एक काम.

अमेरिकन कंपन्या हेच दुसऱ्या टोकानं करतात. शेवटच्या गाडीऐवजी त्या पहिली देतात. जानेवारी २०२०मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला नव्या शेव्हरोले कॉर्व्हेटची क्रमांक १ची गाडी लिलावाला आली, तेव्हा ती बनलीसुद्धा नव्हती. मंचावर नमुन्याची गाडी उभी होती. या मॉडेलची सुरुवातीची किंमत साठ हजार डॉलरच्या आत होती. मोटार व्यावसायिक रिक हेंड्रिक यांनी पहिल्या क्रमांकासाठी ३० लाख मोजले, म्हणजे पन्नासपट. पैसे डेट्रॉइटच्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या निधीला गेले. अशा धर्मादाय गाड्यांवर स्कॉट्सडेलची ती लिलाव कंपनी आपलं शुल्क लावत नाही, हातोडी पडते तो आकडा जसाच्या तसा संस्थेकडे जातो. गाडी देणाऱ्याचा खर्च एका गाडीचा, पण संस्थेच्या हाती पडते पन्नास गाड्यांची किंमत.

मुंबईत फिरलेली लिंकन

पोपना मिळालेली गाडी गरिबांसाठी विकण्याची गोष्ट एन्झोच्या चाळीस वर्षं आधी आपल्याकडे घडली होती. डिसेंबर १९६४मध्ये ओव्हल मैदानावर ख्रिस्ती धर्मीयांचं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं होतं. त्यासाठी पोप पॉल सहावे मुंबईत आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. शहरात त्यांना फिरवायला पांढरी लिंकन होती, अमेरिकेतून भेट आलेली. परत निघताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली.

मदर तेरेसा त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. त्यांनी ती थेट गिऱ्हाइकाला विकलीही नाही, तिची सोडत काढली. आलेल्या पैशांतून आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचं काम पुढे गेलं. बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे मराठी वाचकाला अशी वसाहत म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. औषधापाठोपाठ जमीन लागते, घरं लागतात, हाताला काम लागतं आणि या प्रत्येकासाठी रोख पैसा लागतो.

सोडत की लिलाव, हा निर्णय वाटतो तितका किरकोळ नाही. लिलावात भाव चढायला एकाच वस्तूवर जीव जडलेले दोन धनवान एका वेळी एका दालनात असावे लागतात. १९६४च्या भारतात अवाढव्य परदेशी गाडीसाठी असे दोघं शोधणं कठीण होतं. सोडतीला श्रीमंत लागत नाहीत. तिकिटापुरते पैसे असलेली हजारो माणसं पुरतात. त्यात जिंकण्याची आशा असतेच आणि हरलो तरी पैसे सत्कारणी लागले, हे समाधानही असतं.

पोप फ्रान्सिस यांच्या वेळी लिलावच योग्य ठरला. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी लॅम्बोर्गिनीनं त्यांना व्हॅटिकनमध्ये पांढरी ‘उराकान’ भेट दिली. पांढऱ्यावर पिवळे पट्टे, व्हॅटिकनच्या ध्वजाचे रंग. पोपनी गाडीला आशीर्वाद दिला, तिच्यावर सही केली आणि ती विक्रीला काढली. पुढच्या मे महिन्यात मोनाकोत तिला ७ लाख १५ हजार युरो आले, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. या वाढीव किमतीतला मोठा वाटा त्या सहीचा होता. सत्तर टक्के रक्कम इराकमधल्या निनवेच्या मैदानी भागासाठी ठेवली होती. इस्लामिक स्टेटच्या हल्ल्यात तिथली घरं आणि चर्च जमीनदोस्त झाली होती, परागंदा झालेल्या कुटुंबांना परत येऊन राहायला छप्पर हवं होतं. उरलेली रक्कम देहविक्रयाच्या जाळ्यातून सुटलेल्या स्त्रियांसाठी आणि आफ्रिकेतल्या आरोग्यसेवेसाठी काम करणाऱ्या तीन संस्थांत वाटली जाणार होती.

घेणाऱ्याच्या दारात

मौल्यवान गाडी दारात आली की तिचा खर्चही मागोमाग येतो. सचिन तेंडुलकरच्या फेरारीची आठवण अनेकांना असेल. २००२ साली सचिननं कसोटीत डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीनं मायकेल शूमाकरच्या हस्ते सिल्व्हरस्टोनला त्याला ३६० मोदेना भेट दिली. गाडी भारतात आणताना एक कोटीहून अधिक आयात शुल्क आलं. सरकारनं दिलेल्या सवलतीवर वादळ उठलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर फियाटनंच शुल्क भरलं. देशातल्या सर्वात लाडक्या खेळाडूची ही कथा असेल, तर एखाद्या अनाथाश्रमाच्या विश्वस्तांसमोर कुणी अशी गाडी आणून उभी केली तर काय होईल? विमा, राखण, कोरडी बंदिस्त जागा, जाणकार मेकॅनिक, कागदपत्रं हे सगळं पहिल्या दिवसापासून लागतं. त्यातून भारतात देणगीवरची आयकर सवलत पैशांच्या रूपात दिलेल्या रकमेलाच मिळते, वस्तूला नाही. त्यामुळे आपल्याकडचा दाता गाडी आधी विकतो आणि मग धनादेश देतो.

अमेरिकेत गाडी दान करण्याचा प्रघात जुना आहे आणि त्याचा गैरफायदाही पुष्कळ घेतला गेला. मोडकळीला आलेली गाडी संस्थेला द्यायची, किंमत-पुस्तिकेतला आकडा दाखवून करात सूट घ्यायची, असं सर्रास चाले. संस्थेच्या पदरात त्यातला थोडासाच भाग पडे. २००५पासून नियम बदलला. संस्थेनं गाडी विकली तर जेवढे पैसे प्रत्यक्ष आले तेवढीच सूट दात्याला मिळते. संस्था गाडी स्वतःच्या कामासाठी ठेवणार असेल, जसं मोटारींचं संग्रहालय, तर बाजारभावाचा विचार होतो. त्यामुळे दुर्मीळ गाडीच्या दात्यानं आधी ठरवायचं असतं, की ही गाडी लोकांनी पाहण्यासाठी द्यायची की विकण्यासाठी.

इंडियानापोलिसच्या शर्यत संग्रहालयात या दोन्ही गोष्टी एकाच गाडीच्या वाट्याला आल्या. १९६५ साली मर्सिडीज-बेन्झनं त्यांना आपली डब्ल्यू १९६ आर ही रुपेरी शर्यतीची गाडी भेट दिली. चाकांवरूनही पत्रा ओढून घेतलेलं तिचं अंग पाण्याच्या थेंबासारखं सुळसुळीत आहे. १९५५ साली हुआन मानुएल फांजिओनं ही गाडी ब्यूनोस आयर्सला, उघड्या चाकांच्या रूपात, जिंकून आणली होती आणि त्याच वर्षी स्टर्लिंग मॉस मॉन्झाला याच सुळसुळीत रूपात तिच्यात बसला होता. साठ वर्षं संग्रहालयानं ती जपली. मग १ फेब्रुवारी २०२५ला श्टुटगार्टमध्ये, जिथं ती जन्मली तिथंच, ती ५ कोटी ११ लाख ५५ हजार युरोंना विकली. चारच दिवसांनी पॅरिसमध्ये संग्रहालयाची फेरारी २५० एलएम, १९६५ची ले मान्स शर्यत जिंकणारी, जवळपास साडेतीन कोटी युरोंना गेली. संग्रहालयाला आपला मूळ विषय, म्हणजे इंडियानापोलिसची शर्यत, नीट मांडायचा होता आणि त्यासाठी कायमचा निधी हवा होता.

यात गमावलं काय तेही पाहिलं पाहिजे. तिकीट काढून आत आलेल्या शाळकरी मुलाला जी गाडी हातभर अंतरावर दिसत होती, ती आता कुणाच्या तरी खासगी दालनात असेल. हे टाळायची एक वाट मर्सिडीजनं स्वतःच्या बाबतीत दाखवली. ५ मे २०२२ रोजी कंपनीनं १९५५च्या दोन ‘३०० एसएलआर उलेनहाउट कूपे’ गाड्यांपैकी एक साडेतेरा कोटी युरोंना विकली. आजवर कुठल्याही मोटारीला मिळालेली ही सर्वात मोठी किंमत. या पैशांतून १६ ते २८ वर्षांच्या तरुणांना पर्यावरणाच्या प्रकल्पांसाठी शिष्यवृत्ती देणारा ‘बीव्हिजनियर्स’ हा उपक्रम उभा राहिला. जुळी गाडी कंपनीनं आपल्याकडे राखली आणि विकलेली गाडी खास प्रसंगी लोकांना दाखवण्याचं खरेदीदारानं मान्य केलं. दानाच्या कागदावर अशा दोन ओळी जास्त लिहिल्या, तर पैसाही मिळतो आणि गाडी लोकांच्या नजरेआडही होत नाही.

हेस्टिंग्जला मोहीम संपवून नौका परत येते तेव्हा सरळ गोट्यांवर चढते. ट्रॅक्टर आपला गाडा मागून आणून तिला वर खेचून घेतो. या गाड्यावरचा पाळणा गोल फिरणारा आहे. किनाऱ्याकडे तोंड करून आलेली नौका त्यावर अर्धं वर्तुळ फिरवली जाते. दहा मिनिटांच्या आत, अंगावरचं पाणी निथळत असतानाच, कोल्टन दांपत्याचं नाव असलेली नौका पुन्हा समुद्राकडे तोंड करून उभी राहते.